मागची खोली

मुलगा गेला आणि महिन्याभरात सासूबाईंनी जिन्याखालची एक मांजरी घरात आणली. मुलाचे सदरे पुन्हा पुन्हा उलगडून घड्या घालणाऱ्या त्या बाईच्या मांडीवर काहीतरी उबदार आलं, याचं सुनेला बरंच वाटलं.

मग मांजरीला पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली. बाजारातून येताना भाजीच्या पिशवीतून आणखी एखादं यायचं. मागची खोली मांजरांची झाली. चष्म्याच्या दुकानात सोबत काम करणाऱ्या बायकांना सून सांगायची, "मांजरं मालक, आम्ही दोघी पोटभाडेकरू."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना तिने एकदा घरी आणलं. त्यांनी खोली पाहिली आणि म्हणाल्या, "आजी, सगळ्यांना लस द्या, ऑपरेशनं करून घ्या. धडधाकट आहेत त्यांना होती तिथे परत सोडा आणि रोज खाली जाऊन खायला घाला. एवढ्या गर्दीत एक आजारी पडलं की सगळी पडतील."

"मुक्या जिवाच्या पोटावर सुरी फिरवून रस्त्यावर टाकायचं? ही कुठली दया?" सासूबाई म्हणाल्या. विषय तिथेच मिटला.

पुढे पिशवीतून आलेलं एक मलूल पिल्लू दोन दिवसांत गेलं. पाठोपाठ बाकीच्यांना ओकाऱ्या, जुलाब, ताप. सून कामावरून आली की आधी फरशी पुसायची, मग पायातल्या चपला काढायची. सासूबाई चमच्याने पाणी पाजत बसायच्या आणि ते बाहेर यायचं.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. एकेकाला तपासून त्यांनी तिघांना पिंजऱ्यात घातलं. "यांच्यासाठी प्रयत्न करते. बाकीची तडफडून जातील. मी इंजेक्शन देऊ शकते. आधी गुंगीचं, मग शेवटचं. त्यांना काही कळणार नाही."

"मी तुम्हाला वाचवायला बोलावलं," सासूबाई म्हणाल्या.

कोपऱ्यातला राखाडी बोका सरपटत पाण्याच्या भांड्यापाशी आला. काठावर हनुवटी टेकवून तसाच राहिला. पिणं काही त्याला जमेना. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि मांडीवर जुना टॉवेल पसरला.

"आणा. पण माझ्या मांडीवर. टेबलावर नको."

सून एकेकाला उचलून देत गेली. सासूबाई प्रत्येकाच्या कानाशी त्याचं नाव घेत. जाडू, ठिपकी, चोरटी. हाताखालचा श्वास थांबला की स्वतःच टॉवेलाची टोकं दुमडत. दुपार उलटून गेली.

मध्येच त्या म्हणाल्या, "त्याच्या वेळी हॉस्पिटलात मला आत सोडलं नव्हतं. तू होतीस. मी बाहेर बसलेय, हे त्याला कळलं होतं का गं?"

"कळलं होतं, आई. मीच सांगितलं त्याला."

सांगितलं होतं हे खरं. पण तेव्हा तो शुद्धीत नव्हता, हे तिने त्या दिवशीही सांगितलं नाही.

पिंजऱ्यातल्या तिघांपैकी दोघी जगल्या. बऱ्या झाल्यावर ऑपरेशन होऊन, त्याची खूण म्हणून कानाचं टोक कापलेल्या अशा घरी आल्या. मागची खोली सुनेने औषधाने घासून काढली, तरी वास हटेना. रोगाचे जंतू महिनोन्‌महिने टिकतात, नवं मांजर अजिबात आणू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

थंडी पडल्यावर जिन्यात एक हाडकुळी मांजरी ओरडायला लागली. सासूबाईंनी दार उघडलं, तिला पाहिलं आणि आत शिरायच्या आधी पायाने अडवलं. बशी बाहेरच ठेवली.

"उद्या रजा मिळेल का तुला?" त्यांनी सुनेला विचारलं. "दवाखान्यातून पिंजरा आणावा लागेल. मला एकटीला तो उचलवत नाही."

ऑपरेशनचे टाके सुकल्यावर दोघींनी तिला दवाखान्यातून जिन्याखाली आणून सोडलं. पिंजऱ्याचं दार उघडताच ती भिंतीच्या कडेने धावत सुटली, वळून पाहिलंही नाही.

"ओळख नाही मेलीला," सासूबाई म्हणाल्या. थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, मग गुडघ्यावर हात टेकत जिना चढू लागल्या.