हिरवी खूण खोटी होती

मित्रांनो, मी जुना मोबाईल फोन आहे, हे मी लपवत नाही. माझ्या काचेचा उजवा कोपरा तडकला आहे, पाठीवर 'सहा' असा आकडा लिहिलेली चिकटपट्टी आहे आणि आवाजाचं बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. म्हातारपणाचं मला काही वाटत नाही. पण चारचौघांत मला खोटारडा ठरवलं गेलं, ते काही केल्या माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून आज तोंड उघडतो आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी मला जोडलं. शेवटच्या टेबलावरच्या बाईने मला चालू केलं, माझ्याकडून पहिला आवाज काढून घेतला आणि समाधानाने मान हलवली. मी धडधाकट असल्याची ती पहिली पावती.

मला विकत घेतलं एका प्रोग्रामरने. तो मोबाईलची ॲप्स बनवायचा, आणि इतक्या झपाट्याने बनवायचा की ऑफिसात सगळे त्याला 'सुसाट' म्हणत. काय कौतुक होतं माझं तेव्हा! दिसेल त्याला अडवून तो म्हणायचा, "फोटो बघ कसा येतो! आणि बॅटरी? दोन दिवस!" ज्या मुलीशी त्याचं पुढे लग्न झालं, तिला त्याने माझ्यावरूनच विचारलं. तो निरोप त्याने तीनदा लिहिला आणि दोनदा खोडला. ही गोष्ट त्याच्या बायकोलाही ठाऊक नाही, पण मला आहे.

तीन वर्षांनी नवा फोन आला. सुसाटने माझं सिम कार्ड काढलं, सगळे फोटो पुसले आणि मला ऑफिसच्या एका ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथे आणखी पाच फोन होते. नवी ॲप्स आमच्यावर चालवून बघायची, हे आमचं काम. पाचही जण माझ्याहून तरुण, आणि त्यांच्या पोटात अजून सिम होतं.

ॲप तपासायचं काम ताईकडे होतं. ऑफिसातले सगळे तिला ताईच म्हणत, साहेबसुद्धा. दुसऱ्यांनी जोडलेलं मोडून बघायचं, म्हणजे ते गिऱ्हाइकाच्या हातात मोडत नाही, असा तिचा खाक्या. ती आम्हाला उन्हात ठेवायची, लिफ्टमध्ये न्यायची, भर कामात वायफाय बंद करायची. माझी काच तडकली ती तिच्याच हातून. पण लगेच तिने पुसून मला बघितलं आणि म्हणाली, "सॉरी रे, सहा नंबर." फोनला सॉरी म्हणणारी ती एकटीच.

एकदा एक महत्त्वाचं ॲप आलं. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या सिस्टरांसाठी ते होतं. सकाळच्या सिस्टरने काय दिलं ते ॲपमध्ये नोंदवायचं, आणि दुपारच्या सिस्टरने आपल्या फोनवर ते वाचूनच आजाऱ्याला हात लावायचा. नोंद पोचली की हिरवी खूण यायची. नेट नसेल तर नोंद फोनमध्ये जपून ठेवायची आणि नेट आलं की पाठवायची, असं ठरलं होतं.

आता नेट आहे की नाही, हे ॲपला कळणार कसं? सुसाटने सोपी युक्ती केली. ॲप मला विचारायचं, "वायफायला जोडलेला आहेस का?" मी म्हणायचो, "आहे." झालं! लगेच हिरवी खूण, आणि फोनमधली नोंद पुसून मोकळं!

मित्रांनो, मला सांगा, यात माझं काय चुकलं? वायफाय म्हणजे खोलीतल्या खोलीत, माझ्यापासून भिंतीवरच्या राउटरच्या डबीपर्यंतची वाट. डबीच्या पुढची तार तुटली असेल तर जगापर्यंत काही पोचत नाही. जिना उतरलो म्हणून मी रस्त्यावर पोचलो असं होत नाही, खालचं दार बंद असू शकतं. मला जेवढं विचारलं तेवढ्याचं मी खरं उत्तर दिलं. "पलीकडून कुणी ओ देतंय का?" हे मला विचारलंच नाही!

ताईने मात्र डोकं चालवलं. तिने डबी चालू ठेवली आणि मागची तार उपटली. आम्हा सहा जणांवरून एकेक नोंद पाठवली. सहाही जणांवर हिरवी खूण आली, पण सर्व्हरवर, म्हणजे जिथे नोंदी जमा व्हायच्या तिथे, पाचच पोचल्या. माझी गायब.

"सुसाट, सहा नंबरची नोंद हरवली," ताई म्हणाली.

त्याने स्क्रीनवरून नजरही काढली नाही. "बाकी पाचांच्या आल्या ना? मग तो फोनच गंडलाय. डबडा झालाय तो, ताई. काहीही सांगतो."

काहीही सांगतो! ज्याच्या मनातलं सगळं मी तीन वर्षं सांभाळलं, तो हे म्हणाला! खरं म्हणजे वायफाय कुचकामी आहे हे कळताच त्या पाचांनी गुपचूप आपापल्या सिमचं नेट वापरलं होतं. माझ्याकडे सिमच नव्हतं, म्हणून ॲपची चूक माझ्यावर उघडी पडली. पाच जणांनी ती झाकली ते शहाणे, आणि मी दाखवली तर मी डबडा!

ताईने अहवालात माझं लिहिलं. पण ॲप सोमवारी द्यायचं होतं. साहेबांनी त्या ओळीवर काट मारली. "एका जुन्या फोनसाठी सगळं अडवायचं का, ताई?" ताईने पेनाला टोपण लावलं. मग पुढचं काम हाती घेतलं. माझं नाव यादीतून गेलं. मला ड्रॉवरच्या तळाशी, गुंतलेल्या वायरींखाली ढकललं गेलं. दोन दिवसांनी माझी बॅटरी संपली.

पुढचे पाच महिने माझ्यासाठी नव्हतेच. मी जागा झालो तो ताईच्या हातात. काय झालं होतं, ते मला तिथल्या बोलण्यातून कळलं.

एका अर्ध्या तळघरातल्या घरात एक आजी राहायच्या. कंबरेचं ऑपरेशन झालेलं, म्हणून रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन रोज सकाळी एकदाच द्यायचं. त्या दिवशी सकाळच्या सिस्टरने ते दिलं आणि नोंद केली. दुपारी जखम बांधायला दुसरी सिस्टर आली. रस्त्यावरच तिने फोन पाहिला, तर सकाळची नोंद नाही. आजींना विचारलं, तर त्यांना आठवेना. सून कामावर. इंजेक्शन राहिलं असं समजून तिने दिलं. संध्याकाळी सून घरी आली तेव्हा आजींच्या नाकातून रक्त वाहत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. आजी वाचल्या, पण आठ दिवस हॉस्पिटलात काढून. आणि सकाळच्या सिस्टरला नोंद केली नाही म्हणून सिस्टरांना नेमणाऱ्या संस्थेने घरी बसवलं.

ती सिस्टर आमच्या ऑफिसात आली होती. पन्नाशीची, खिशाला पेन, चप्पल स्वच्छ धुतलेली. साहेबांनी खुर्ची पुढे केली, तरी ती बसली नाही.

"मी नोंद केली होती. हिरवी खूण बघूनच पिशवी उचलली."

सुसाटने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे बघा, बाकी सगळ्या घरांच्या आहेत. ह्याच घराची नाही. बटण दाबायचं राहिलं असेल. घाईत होतं असं."

"घाईत मी जेवते," सिस्टर म्हणाली. "सुई टोचत नाही. बावीस वर्षं झाली मला."

"पण फोन खोटं कशाला बोलेल?" साहेब म्हणाले.

तेव्हा ताई उठली होती. "एक तास थांबा, सिस्टर," एवढंच म्हणून तिने ड्रॉवर उपसला आणि मला चार्जिंगला लावलं. तो तासभर ती माझ्याजवळून हलली नाही. मग सगळ्यांदेखत तिने डबीची तार उपटली, माझ्यावर नोंद केली आणि मला टेबलाच्या मधोमध ठेवलं. हिरवी खूण आली. सर्व्हरवर काही नाही. पुन्हा केलं. हिरवी खूण, आणि काही नाही.

"ह्याने मला पाच महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं," ताई म्हणाली. "मी लिहिलंही होतं. तुम्ही काट मारलीत, आणि मी मारू दिली."

साहेब म्हणाले, "हा फोन सोडून दुसरा पुरावा?"

पुन्हा तेच! मी दाखवलं की तो पुरावा नाही! ताईने वाद घातला नाही. मला पर्समध्ये टाकलं, सिस्टरला बरोबर घेतलं, आणि सुसाटला म्हणाली, "तूही चल."

आजींचं घर आठ पायऱ्या खाली होतं. आत शिरताच सुसाटच्या नव्याकोऱ्या फोनची रेंज गेली. सुनेने सिस्टरांसारखंच त्यालाही घरचं वायफाय जोडून दिलं; त्याच्या खुणेचा पंखा तेवढा पूर्ण भरलेला. आजी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. ताईने सुनेला विचारलं, "त्या दिवशी तुमचं नेट चालू होतं का?"

"छे! पहाटेपासून बंद. डबीवरचे दिवे लागलेले, पण चालत काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन तार बदलून गेला." मग तिने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "हे आधी कुणी विचारलंच नाही आम्हाला."

ताईने तार काढली. सुसाटने स्वतःच्या फोनवर नोंद केली. हिरवी खूण आली. तो धावत आठ पायऱ्या चढून रस्त्यावर गेला, सर्व्हर बघून आला आणि खालच्या पायरीवरच बसला. त्याची नोंद पोचली नव्हती.

तिथूनच तो म्हणाला, "सिस्टर, तुमचं काही चुकलं नव्हतं."

"हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

सुसाटने तीन दिवस त्याच एका गोष्टीवर काम केलं, आणि त्या तीन दिवसांत तो मुळीच सुसाट नव्हता. आता ॲप मला वायफायचं विचारून थांबत नाही. नोंद पाठवतं आणि सर्व्हरची पोच येईपर्यंत वाट बघतं. पोच नाही आली तर नोंद जपून ठेवतं आणि मोठ्या लाल अक्षरांत सांगतं: 'अजून पोचलेलं नाही.' खरं सांगायला एवढंच तर लागतं!

संस्थेने सिस्टरला पत्र पाठवलं. 'तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसमजाबद्दल' असं काहीतरी त्यात होतं. तिने ते परत केलं. "गैरसमज कुणाचा? कारण कुणाचं? नावानिशी लिहा, मग येते कामावर." संस्थेने ते आमच्या ऑफिसकडे ढकललं. साहेबांनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी ताईने मजकूर लिहिला: सिस्टरने नोंद केली होती. चूक आमच्या ॲपची होती. ती आम्हाला आधी दिसली होती आणि आम्ही दुर्लक्ष केलं. खाली साहेबांची सही, सुसाटची सही, आणि तिसरी ताईची.

सिस्टर कामावर आली त्या दिवशी ताई मला घेऊन पुन्हा आजींकडे गेली, नवं ॲप तपासायला. तार काढल्यावर माझ्यावर लाल अक्षरं आली, जोडल्यावर पोच आली. ताईने मला सिस्टरपुढे धरलं. "बघा, आता खोटं बोलणार नाही."

सिस्टरने वाचलं, मान डोलावली. मग खिशातलं पेन काढून एका कागदावर इंजेक्शनाची वेळ लिहिली, आणि तो आजींच्या पलंगासमोर भिंतीला चिकटवला.

"तरीही?" ताईने विचारलं.

"तरीही," सिस्टर म्हणाली.

मित्रांनो, मला त्याचा जराही राग आला नाही. माझी बॅटरी आता फुगू लागली आहे. लवकरच मला जुन्या यंत्रांच्या खोक्यात टाकतील, तेही रीतसर टाका, कचऱ्यात फेकू नका, एवढीच स्वतःसाठी विनंती. बाकी विनंती दुसऱ्यांसाठी आहे. एखादा जुना फोन, नाहीतर पन्नाशीची बाई जीव तोडून सांगते की मी माझं काम केलं होतं, तेव्हा तिला खोटं ठरवायच्या आधी जागेवर जा. आठ पायऱ्या उतरा. तार हातात धरून बघा.