हाई कोनं शे?

सासूच्या पोटावरची जांभळी रेघ डाव्या अंगाला जराशी विरली होती, आणि नूतनच्या हातातला ओला पंचा तिच्या अलीकडे बोटभर थांबला. सुरतेच्या दवाखान्यात मशीनवाल्यानं आखलेली रेघ – पुसू द्यायची नाही, साबण नाही, तेल नाही. तिच्याच मापानं किरणांचा शेक नेमका जागी लागतो. बेंबीखालची काळवंडलेली कातडी बघायची नूतनला आता सवय झाली होती. पहिल्या दिवशी सासूनं, तुळशीबाईंनी, डोळे गच्च मिटून घेतले होते – सुनेसमोर असं उघडं पडायचं, हे गर्भाशयाच्या तोंडाशी झालेल्या त्या गाठीपेक्षाही जड... आता त्या नुसत्या छताकडे बघत, पलीकडच्या शेडमधला कोंबड्यांचा कालवा ऐकत पडून राहत. नूतनचा नवरा योगेंद्र पहाटेच शेडवर जाई. आईचं दुखणं ‘बायकांचं’ होतं. तो औषधं आणून देई, पण खोलीचा उंबरा ओलांडत नसे.

कोमट पाण्याच्या टबात बसवायचं, हाताला धरून उठवायचं, अंग कोरडं करायचं – चोळायचं नाही, टिपायचं – मग सैल सुती परकर. एवढं उरकून नूतन मऊ भात कालवायला आत गेली. बाहेर आली तर तुळशीबाई न्हाणीच्या दाराशी भिंतीला धरून उभ्या. समोर बादली. बादलीत काल भिजत टाकलेला परकर, आणि पाण्याला आलेला फिकट तांबूस रंग.

“हाई कोनं शे?”

“तुमनंच शे, माय.”

जीभ जरासुद्धा अडखळली नाही. या घरातलं सगळं रक्त कधीचं एकीच्याच नावावर जात होतं. त्याच्या आड आपलं थोडंसं दडवणं किती सोपं होतं...

“मन्हं तं बंद व्हई गयं,” तुळशीबाई म्हणाल्या. “कवयनंच. कितला दिन व्हई ग्यात.”

कोंबड्यांचा कालवा एकाएकी भिंतीच्या आत आल्यासारखा झाला.

“मंग मन्हं व्हई. पाळीनं.”

तुळशीबाई बादलीकडे बघत राहिल्या. मग, त्या पाण्यालाच सांगावं तसं, हळू म्हणाल्या, “मी भी आसंच सांगे.”

सुरतेच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. नवापूर मागे पडलं, सोनगड आलं, गेलं. एरवी तुळशीबाई ऊस कुठवर वाढला ते बघत, काहीबाही विचारत. आज त्या बाहेर बघत नव्हत्या. नूतनकडे बघत होत्या – चेहऱ्याकडे नाही, मांडीवर ठेवलेल्या डब्याच्याही खाली कुठेतरी. नूतननं पदर ओढून घेतला. होळीच्या सुमारास पहिल्यांदा... योगेंद्र कुशीवर वळला होता, आणि तिला चादरीवर ओल लागली होती. उन्हाळा अंगावर आला असेल, म्हणून ती चादर तिनं कुणाच्या नजरेला पडू न देता धुतली होती. मग पुन्हा. मग पाळी नसतानाही. आणि प्रत्येक वेळी मनात कुणीतरी शहाणं बाईमाणूस बसून सांगे – बाईच्या जातीला हे असायचंच. आत्ता, गाडीच्या खडखडाटात, तो आवाज तिनं नीट ऐकला. तो तिचा नव्हताच. सासूचा होता... मला काही झालं तर यांना टबातून कोण उठवील? हा प्रश्न तिला चांगुलपणाचा वाटला, क्षणभर बरंही वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, उघडावाघडा – मला कोण उठवील?

दवाखान्यात तुळशीबाईंनी पाणी पिऊन घेतलं. मूत्राशय भरलेलं लागतं, तेवढं थांबायचं. सिस्टर खानदेशाकडचीच होती. उपचार सुरू झाले तेव्हा तिनंच नूतनला म्हटलं होतं, घरातल्या बायकांनीपण एकदा तपासून घ्या. आणि नूतन ‘हो’ म्हणाली होती, जेवून जा म्हटल्यावर म्हणतात तसं.

“आजी, रक्त जातंय का अजून?” सिस्टरनं रोजच्यासारखं विचारलं.

“माले नही,” तुळशीबाई म्हणाल्या.

‘माले’वर त्या थांबल्या. सिस्टरला काही कळलं नाही. त्या उठल्या, आत निघाल्या आणि दारापाशी वळून सुनेकडे बघू लागल्या. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर नूतनला तो पेलला असता. खूप आधीपासून ओळखीच्या वाटेवर दुसऱ्या कुणाला चालत येताना बघावं, तशा त्या बघत होत्या. मग जाड दार लागलं. आत यंत्राची घरघर सुरू झाली.

“तुम्हाला काही विचारायचंय का, ताई?” सिस्टर म्हणाली. “केव्हाच्या उभ्या आहात.”

नाही – एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द तर कायम जिभेवरच असायचा, योगेंद्रसाठी, सासूसाठी, स्वतःसाठी. नूतननं तोंड उघडलं. शब्द आला नाही. त्याच्या जागी ओटीपोटात, सासूच्या गाठीसारखं, काहीतरी आपलं, पण आपल्याला न विचारता जगणारं, तिला पहिल्यांदाच स्पष्ट जाणवलं. सिस्टर वाट बघत होती.