मिस चित्रेवरचा राग

मिस चित्रे आली त्या बुधवारपासून ती मला आवडली नाही.

मुकुटबनच्या पंचायतीत रेडिओ आला त्या हिवाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी नागपूरहून चोरीच्या तपासाचं नाटक लागायचं. पुरुष आत सतरंजीवर, आम्ही बाया बाहेर भिंतीला टेकून. सोनाराची तिजोरी फुटलेली, इन्स्पेक्टर साळवी चोर शोधताहेत, सोबत म्हातारे हवालदार गणोजी. तपास अडला की साळवी म्हणायचे, "गणोजी, तुम्हाला काय वाटतं?" तेवढं एक वाक्य ऐकायला मी पाच महिन्यांच्या लेकीला पदराखाली घेऊन जायची. चौथ्या भागात मुंबईहून शिकून मिस चित्रे तपासाला आली, आणि साळवी तिला विचारू लागले, "मिस चित्रे, तुम्हाला काय वाटतं?" गणोजी नुसते खोकायचे. त्या खोकल्यानं मला रडू यायचं.

त्याच महिन्यात कोकिळा आली. पुंडलिकरावांची नवी सून, वणीची, सातवी शिकलेली. त्यांचं आमचं वावर बांधाला बांध, त्यामुळे कापूस वेचायला एकमेकांकडे जायचं. वेचताना प्रत्येकीनं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडांची, एक ओळ धरायची. तिला आम्ही तास म्हणतो. सगळ्या बरोबरीनं पुढे सरकतात. लेकुरवाळी पाजायला गेली की तिचा तास तिची जोडीदारीण पुढे नेते. लग्न होऊन आले तेव्हापासून माझी जोडीदारीण म्हणजे माझी थोरली जाऊ, शकुबाई.

आता शकुबाईंच्या डाव्या हाताला मी आणि उजव्या हाताला कोकिळा. त्यांचं तोंड मात्र सारखं उजवीकडे.

"कोकिळे, तुले काय वाटते, चोर कोन असन?"

तांड्यावरून वेचायला येणारी सुखीबाई मला हसायची. "विमल, पऱ्हाटीवर काहून राग काढून राह्यली? डांग तुटली ना व!" माझ्या हातात पऱ्हाटीची मोडकी फांदी असायची.

शेवटच्या भागाच्या बुधवारी शकुबाई माहेरी पांढरकवड्याला गेलेल्या. कोकिळेच्या घरी पाहुणे. भिंतीपाशी मी एकटीच. चोर निघाला सोनाराचा भागीदार. त्यानं चाकू काढला तेव्हा गणोजींवरचा वार मिस चित्रेनं आपल्या हातावर घेतला. गणोजी म्हणाले, "पोरी!" माझी लेक दचकून रडली, आणि मी घरी आले ती फणफणतच. एवढं चांगलं व्हायची काय गरज होती तिला?

शुक्रवारी आमच्या वावरात शकुबाईंनी कितीतरी दिवसांनी डावीकडे तोंड केलं. "सांग व लवकर. कोन निघाला?"

"मिस चित्रे," मी म्हटलं. "तिनंच चोराले चावी देली."

"अरे बाप्पा!" सुखीबाई ओरडली.

"आन गणोजी?" शकुबाईंनी विचारलं.

"गणोजीनंच पकडलं तिले."

मी रंगवून सांगत गेले. बेड्या, साळवींची खाली गेलेली मान, "गणोजी, माझं चुकलं," सगळं. कोकिळेनं मान वर केली, तोंड उघडलं आणि पुन्हा बोंडात हात घातला.

बाभळीला बांधलेल्या झोळीत लेक रडली. मी गेले. पिताना ती माझ्या गळ्यातली पोत मुठीत धरते आणि टकामका वर बघते. त्या दिवशी मला तिच्याकडे बघवेना.

परत आले तर माझा तास नेहमीसारखा पुढे गेलेला. शकुबाईंच्या हातचा म्हणून मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं. शकुबाई वेचतात तेव्हा बोंडात पांढरा धागा राहतोच. सासूबाई त्यावरून त्यांना रोज बोलतात. इथली बोंडं तर धुतल्यासारखी रिकामी. मी मागे गेले, शकुबाई माहेरी जायच्या आदल्या दिवशीचे तास पाहिले. शकुबाईंच्या तासात धागे लोंबत होते, माझ्यात एक नाही.

कोकिळा बांधावर पाणी प्यायला आली. तिला तिथेच गाठून मी विचारलं, "माझा तास तू नेत होती?"

"शकुबाईचे हात दुखते ना, विमलबाई. म्हणे, तिले सांगू नको, नाई तं पोरीले अर्धी पाजून पळत येते."

माझा तास तिच्याकडून करून घ्यायचा म्हणून त्यांचं तोंड उजवीकडे.  मग ती हळू म्हणाली, "सासरे पाव्हण्याले घेऊन पंचायतीत गेलते. घरी येऊन नाटक सांगत होते. मले चुलीपाशी ऐकू आलं."

"मंग मघा बोलली काहून नाई?"

तिनं गडवा माझ्यापुढे केला. "तुम्ही सांगून राह्यल्या होत्या ना."

गडवा मी तसाच परत दिला. तासावर येऊन मी मोठ्यानं म्हटलं, "बाई, म्या खोटं सांगतलं. मिस चित्रेनं काईच नाई केलं."

"काहून व, खोटं काहून?" शकुबाईंनी विचारलं.

 सुखीबाई म्हणाली, "काहून काय? महिनाभर डांगा कायले तुटून राह्यल्या?"

सगळ्या हसल्या. शकुबाई नाही हसल्या. "आता खरं सांग," म्हणाल्या, "पयल्यापासून."

मी सांगितलं. चाकूच्या वाराचं सांगताना आवाज फाटला. कोकिळेला सगळं ठाऊक, तरी ती "मंग?" "मंग?" करत राहिली.

दुसऱ्या दिवशीही आमच्याच वावरात वेचणी होती. मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि मधला तास धरला. कोकिळा चांगली आहे हे मला कळलं होतं, पण त्या दोघी शेजारी शेजारी नकोच.

"मधात कायले घुसली व?" शकुबाई म्हणाल्या.

"मले काय वाटते ते कोनी विचारत नाई म्हून."

त्यांनी कोपरानं ढोसलं. "बरं. बुधवारी नवं नाटक हाय म्हने. तुले काय वाटते?"

मी सांगणार तेवढ्यात झोळी हलली. "जाय," दोघी एकदमच म्हणाल्या.

पाजून आले तर माझ्या तासात काही बोंडं लख्ख होती आणि काहींत धागे. दुखऱ्या हातांनी कुणी वेचलं होतं ते दिसत होतं. सासूबाई वावरात यायच्या आत मी ते धागे नखानं काढून ओटीत टाकले.