आवाज बंद करून

काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगते, कॉम्प्युटरवर काम असतं. पुढे खोदलंच तर म्हणते, तपासणीचं. त्याच्याही पुढे जाणारे असतातच. त्यांना मी सरळ सांगते, की लोक माणसं मारतानाचे व्हिडिओ टाकतात, ते मी बघते आणि उडवते. मग समोरचा चहा अर्धा टाकून उठतो. उठू दे. नसत्या चौकशा सांगितल्यात कोणी?

आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. दाराशी फोन काढून कप्प्यात ठेवायचा आणि आत जायचं. आत रांगेने टेबलं, प्रत्येक टेबल एका भाषेचं. आपल्या भाषेच्या टेबलावर आम्ही चौघं. त्यातलं शिवीगाळ, फसवाफसवी, नागडंउघडं बाकीचे तिघं बघतात. मारणं, तोडणं, बंदुका, झेंडे, ‘या आणि आमच्यात सामील व्हा’ असलं सगळं माझ्याकडे, कारण बाकीच्यांना पोटात ढवळतं. मला नाही ढवळत. आमच्या सुपरवायझरला आम्ही मॉनिटर म्हणतो, शाळेतल्या वर्गाच्या मॉनिटरसारखा पाठीमागून फिरत असतो म्हणून. त्याने माझं नाव ठेवलंय लोखंड. नवीन पोरं आली की तो त्यांना माझ्या शेजारी बसवतो. “लोखंडाकडून शिका,” म्हणतो.

शिकवण्यासारखं फार नाही. व्हिडिओ आधी राखाडी करायचा, मग रक्त डांबरासारखं दिसतं. आवाज बंद. खिडकी खेळायच्या पत्त्याएवढी लहान, वेग दुप्पट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहरे बघायचे नाहीत, फक्त हात बघायचे. हातात काय आहे, हात बांधलेत का, झेंडा कोणी धरलाय. निर्णयाला तेवढं पुरतं. चेहरा तुमच्याबरोबर घरी येतो, जेवायला बसतो. हात नाही येत. एकदा मी उडवला, की त्याच्या नकला मशीन स्वतःच शोधून शोधून उडवतं. मग पुढचा.

आमच्या ह्यांना हे काम पसंत नाही. ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात आणि दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ब्रेक मारतात, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार असतं. “लपवलं की लोक जास्तच शोधतात,” ते म्हणतात. “बघू द्यावं, ज्याचं त्याने ठरवावं. तुम्ही कोण ठरवणार?” मी म्हणते, “बरोबर आहे.” मग ते चिडतात. “तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं,” म्हणतात. तेही बरोबर आहे. मला काही वाटतच नाही हल्ली. भाजी खारट झाली तरी मी खाऊन उठते आणि मग हे ओरडतात तेव्हा कळतं.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर खाली आले तर फाटकाशी ताई उभी. माझी थोरली बहीण. शाळांचे युनिफॉर्म शिवते घरी. बगलेत कापडाचं गाठोडं, चपलेचा अंगठा तुटलेला. ताई माझ्या ऑफिसला कधी फिरकली नव्हती.

“तो गेला गं,” ती म्हणाली.

मला वाटलं, थोरला गेला. ताईचा थोरला मुलगा वायरिंगची कामं करायचा. आमच्या घरातले सगळे पंखे त्यानेच लावलेले. गेल्या वर्षी एक दिवस हत्यारांची पिशवी घेऊन कामाला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पोलीस म्हणाले, डोंगरापलीकडे त्या लोकांत गेलाय. कोणते लोक, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ताई चारचौघांत सांगायची, परदेशी नोकरी लागलीय. लोक हो म्हणायचे आणि तिची पाठ वळली की एकमेकांकडे बघायचे.

“कोणी सांगितलं तुला?” मी विचारलं.

“सांगायला कशाला पाहिजे? काल उघडायला गेले तर नुसता काळा चौकोन. हा व्हिडिओ उपलब्ध नाही म्हणे.”

मग कळलं. त्या लोकांच्या कुठल्याशा व्हिडिओत थोरला दिसत होता. ताईच्या धाकट्या मुलाला सापडला आणि त्याने आईला दाखवला. तेव्हापासून ताई शिलाई मशीनवरून उठून उठून तो बघायची. मला बोलली नाही. पोलिसांना कळेल म्हणून भ्यायली.

“थोडाच वेळ दिसतो. आधीचं सगळं मी बोटाने पुढे ढकलते, ते नाही बघवत. मग तो येतो. निळा शर्ट घातलाय, मी शिवलेला. कपाळ पुसतो आणि हसतो. एवढंच. तुमच्याच कंपनीचं आहे ना ते? मग आण परत. उडवलेलं कुठेतरी ठेवत असतील, फेकून तर नाही देत?”

“ताई, ते व्हिडिओ पोरांना भडकवायला करतात गं.”

“करू देत. मी कुठे भडकतेय? मी माझं पोर बघतेय.”

“तू एकटी बघतेस का? हजारो जण बघतात.”

“मग त्यांना नको दाखवूस. मला दाखव.” तिने माझा दंड धरला. “त्याच्याशिवाय दुसरं काही नाही गं माझ्याकडे. फोटो आहेत, पण ते आधीचे. हा आत्ताचा आहे. जिवंत आहे तो त्यात.”

बघते, म्हणाले. तिला रिक्षात बसवून दिलं. घरी येऊन जेवले आणि झोपले. झोप लागली, हे सांगायला लाज वाटते, पण लागली.

दुसऱ्या दिवशी मॉनिटरला सांगितलं. कोणाचा मुलगा, ते नाही सांगितलं. नुसतं म्हटलं, असा असा व्हिडिओ आहे, निळा शर्ट, कोणी उडवला बघ. त्याने शोधला आणि हसायलाच लागला.

“अगं लोखंड, तूच उडवलास की! परवाच. कोणीतरी रिपोर्ट केला होता.”

मी स्क्रीनकडे बघितलं. राखाडी, पत्त्याएवढा. आठवेना. माझ्या भाच्याला मी बघितलं होतं आणि मला आठवत नव्हतं.  

“परत ठेवायचा असेल तर ठेवता येईल,” मॉनिटर म्हणाला. “बातमी म्हणून, तेवढी सूट असते. पुढे इशाऱ्याची पाटी लावू. तू कारण लिही, मी मंजूर करतो. तुझा शब्द मी कधी मोडलाय?”

म्हणजे सगळं माझ्या हातात होतं.

मी खुर्चीत बसले. कधी नव्हे ते रंग सुरू केले, खिडकी मोठी केली आणि हेडफोन घातले. शेजारची नवीन मुलगी माझ्याकडे बघायला लागली. “आपलं काम बघ,” मी तिच्यावर खेकसले.

हात लगेच ओळखले. म्हणजे भाच्याचे म्हणून नव्हे, मागच्या वेळी व्हिडिओत बघितलेले हात म्हणून ओळखले. गुडघ्यांवर बसवलेल्या एका माणसाची मनगटं तारेने बांधणारे हात. सफाईदार. तार दोनदा फिरवून टोक आत वळवणारे. आमच्याकडे पंखा लावताना त्याने तसंच वळवलं होतं आणि म्हणाला होता, “मावशी, टोक बाहेर ठेवलं तर कोणाला तरी लागतं.” कॅमेरा वर गेला. निळा शर्ट. ताईने शिवलेली कॉलर, टोकं जरा जास्तच लांब. त्याने कपाळ पुसलं आणि हसला. हसला तो चांगला, अगदी घरच्यासारखा. ताईचं बोट इथे येऊन थांबत असणार.

मग तो कॅमेऱ्याकडे बघून बोलला.

“ठोंब्या, बटणं काय लावत बसलास? ये की इकडे. जागा धरून ठेवलीय तुझ्यासाठी.”

ठोंब्या म्हणजे धाकटा. त्याला घरात दुसरं कोणी त्या नावाने हाक मारत नाही, फक्त थोरला मारायचा. धाकटा एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजला जातो आणि संध्याकाळी आईला युनिफॉर्मची बटणं लावून देतो. ताईने हे ऐकलेलं नसणार. ऐकलं असतं तर मला व्हिडिओ परत आण म्हणाली नसती.

मी पुन्हा लावून बघितलं. नंतर हेडफोन काढून ठेवले आणि वाट बघत बसले, आता काहीतरी वाटेल म्हणून. रडू येईल, हातपाय गार पडतील, काहीतरी. शेजारची पोरगी कुरमुऱ्यांची पुडी खात होती, ती संपली. मला काही वाटलं नाही.

मॉनिटर परत आला. “काय, ठेवायचा?”

“नको. राहू दे उडवलेलाच.”

“बरं,” म्हणून तो पुढच्या टेबलाकडे गेला.

संध्याकाळी ताईकडे गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, एक कॉट आणि पांढऱ्या शर्टांचा ढीग. धाकटा जमिनीवर बसून बटणं लावत होता. मला बघून मान हलवली आणि परत सुईत डोळे घातले. एरवी “मावशी, काय आणलंस?” म्हणून पिशवीत हात घालणारं पोर. मी त्याच्यासमोरच कॉटवर बसले.

“नाही येत गं परत,” मी ताईला सांगितलं. “मशीनने पुसून टाकला.”

ताई ओरडेल, भांडेल असं वाटलं होतं. तशी ती गप्प बसणाऱ्यातली नाही. पण ती मशीनवरचा शर्ट नुसता सरळ करत राहिली.

“तू तरी बघितलास?” तिने विचारलं.

“बघितला.”

“मग सांग.”

मी सांगितलं. शर्ट निळा आहे, कॉलर तू शिवलेली, टोकं लांब. मागे भिंत आहे, अर्धी रंगवलेली. दाढी वाढवलीय पण बरी दिसते. कपाळ पुसतो, हसतो.

“वाळलाय का?”

“नाही. भरलाय उलट.”

“पुन्हा सांग, हसतो कसा?” मी पुन्हा सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

“आणि हात? हात बरे आहेत ना त्याचे? तिथे मला नीट दिसायचे नाहीत. जायच्या आधी भाजले होते गं वायरने. फोड आलेले. मलम लावून घ्यायचा नाही.”

“बरे आहेत,” मी म्हणाले. “अगदी बरे आहेत हात.”

“मग झालं,” ताई म्हणाली. तिने पदराने नाक पुसलं. “चहा टाकते.” आत गेली. आत भांडी आदळल्याचा आवाज यायला लागला. रडताना ऐकू जाऊ नये म्हणून ती लहानपणीही तसंच करायची.

“शेवटचं सांगितलं नाहीस,” धाकटा म्हणाला.

“काय शेवटचं?”

“तो शेवटी काय म्हणतो, ते.”

सुई शर्टातून वर येत होती आणि खाली जात होती.

“आईला मी आवाज बंद करूनच द्यायचो,” तो म्हणाला. “शेजारी ऐकतील म्हणायचो. मग ती झोपली की मी कानात घालून ऐकायचो. रोज. कॉलेजात बसलो तरी तेच ऐकू यायचं, जागा धरून ठेवलीय, जागा धरून ठेवलीय.” तो थांबला. “रिपोर्ट मी केला, मावशी.”

“तू?”

“बॅग भरून झाली होती माझी. तिकडे न्यायला माणूस येणार होता.”

“चांगलं केलंस,” मी म्हणाले. “उडवलाच पाहिजे होता.”

“उडवायला नव्हता केला!” तो एकदम ओरडला आणि लगेच आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. “तू म्हणाली होतीस ना, इथेच बसून, की असलं सगळं माझ्याकडेच येतं म्हणून? मला कोणाला सांगायचं कळत नव्हतं. आईला सांगितलं तर ती मरेल. पोलिसांना सांगितलं तर ते मलाच धरतील. म्हटलं, हा तुझ्याकडे येईल. तू त्याला बघशील, तो काय म्हणतो ते ऐकशील आणि धावत येशील. त्या दिवशी मी कॉलेजला गेलोच नाही. इथे दारात बसून होतो. दुपारी व्हिडिओ गेला. म्हणजे तू बघितलास. मग वाट बघितली, वाट बघितली. तू आलीच नाहीस.”

मी बघितला नव्हता, असं कसं सांगू? बघितला तर होता. राखाडी, पत्त्याएवढा, आवाज बंद करून. चार पोरांना शिकवते मी ते.

“बॅग कुठे आहे?” मी विचारलं.

“तू बसलीस त्या कॉटखाली.”

“रिकामी केलीस ना?”

 सुई थांबली होती. एका बोटाला टोचून रक्ताचा ठिपका आला होता आणि तो पांढऱ्या शर्टाला लागू नये म्हणून त्याने बोट बाजूला धरलं होतं.  तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आल्यापासून मी त्याच्या हातांकडेच बघत बसले होते. मी मान वर केली. पोर रडत होतं. केव्हापासून, कोण जाणे.