जेवलात का, विचारणारं मशीन

साखरेच्या तपासणीसाठी रक्त द्यायच्या दिवशी इन्था उजाडायच्या आत उत्तर थायलंडमधल्या नान गावच्या सरकारी दवाखान्यात पोचायचा, व्हरांड्यातल्या रांगेत आपल्या रबरी चपला ठेवायचा आणि अनवाणी जाऊन बाकावर टेकायचा. सगळेच तसं करायचे. चपला असताना माणसांनी कशाला ताटकळायचं? चपलांचा नंबर तो माणसाचा नंबर, आणि त्यावरून कधी भांडण झाल्याचं कुणाला आठवत नाही.

इन्थाची मात्र एक लबाडी होती. आपल्या चपलांमागं तो काठी आडवी टाकून एका जोडीची जागा राखायचा. डोंगरापलीकडून पहिल्या गाडीनं सेंगला यायची, काठी बाजूला सारायची आणि निळ्या फुलांच्या चपला तिथं काढायची. चपला शेजारी म्हणून नंबर शेजारी, आणि नंबर शेजारी म्हणून बाकावर दोघं शेजारी. रक्त दिलं की उपास सुटला. मग तो चिकट भाताची टोपली उघडायचा आणि ती भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा काढायची. दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेवढंच. पण तेवढ्यासाठी म्हातारा गोडाचं पथ्य पाळत होता, हे त्याच्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

तरुणपणी हाच इन्था संध्याकाळी तंतुवाद्य घेऊन तिच्या घराच्या पायऱ्यांवर वाजवत बसायचा. तंबाखूच्या भट्टीवरच्या कारकुनानं सरळ मागणी घातली आणि तिला घेऊन गेला, आणि हा बसला तारा पिळत! पुढं त्याचंही लग्न झालं, पोरंबाळं झाली. बायको गेली, तिकडं कारकूनही गेला. मनातलं तेवढं जाता गेलं नाही.

आज मात्र बोलायचंच होतं. मागच्या खेपेला सेंगला म्हणाली होती, "मुलगा मला रायोंगला नेतोय, कायमचं. पुढचं रक्त दिलं, दवाखान्याचे कागद हातात आले की निघायचं." रायोंग म्हणजे पार समुद्राकाठी. तिथून नानला रक्त द्यायला कोण येतंय? भाताची टोपली उघडली की 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं, असं ठरवून इन्था आला होता. रस्ताभर तेच घोकत होता.

आणि नेमकं आजच व्हरांड्यात मशीन!

पांढरंशुभ्र, माणसाएवढं उंच. शेजारी स्टुलावर फाय नावाची पोरगी बसली होती, ते घडवणारी, चियांगमाईहून आलेली. ओळखपत्र ठेवायचं, हात नळीत घालायचा. मशीन दाब मोजतं, वजन करतं, चार प्रश्न विचारतं आणि नंबरची चिठ्ठी देतं.

"चपला उचला," पहारेकरी ओरडत होता. "आजपासून चपलांना नंबर नाही!"

"माणसांना तरी आहे का रे?" कुणीतरी म्हणालं.

फायनं जीव ओतला होता बिचारीनं. म्हातारी माणसं मशीनला बिचकतात, म्हणून तिनं त्याला इकडच्या बोलीत बोलायला लावलं होतं, अगदी तिची आजी बोलायची तसं. बाप्याला 'पो-उई' म्हणजे आजोबा, बाईला 'मे-उई' म्हणजे आजी. तिथंच घोटाळा झाला.

इन्थानं नळीत हात घातला. मशीननं लाडानं विचारलं, "जेवलात का, पो-उई?"

आता हे कुणी विचारलं तर माणूस काय सांगतो? पोटात कावळे ओरडत असले तरी 'जेवलो' म्हणतो. 'नाही' म्हटलं तर विचारणाऱ्याला वाढावं लागतं. उगाच कुणाला भीड कशाला घाला? इन्थानं रीतीप्रमाणं मान लववली, "जेवलो, जेवलो" म्हणाला आणि 'हो'चं हिरवं बटण दाबलं. चिठ्ठी आली: उद्या सकाळी उपाशीपोटी यावे.

त्याच्या आधीच्या बऱ्याच जणांच्या हातात तीच चिठ्ठी होती. आतून नर्सबाई तणतणत आल्या. "अख्खं नान आज जेवून आलंय की काय?"

फायचा चेहरा उतरला. "पो-उई, तुम्ही खरंच जेवलात?"

"छे गं! पाण्याचा घोटसुद्धा नाही."

"मग जेवलो का म्हणालात?"

"त्यानं विचारलं म्हणून."

फायनं कपाळावर हात मारला. "आता चिठ्ठी निघाली की मलाही मागं घेता येत नाही हो. चुकलंच माझं. दुपारी प्रश्न बदलते."

दुपारी! सेंगला आज रक्त देणार आणि जाणार. उद्याच्या बाकाचं काय करायचं होतं त्याला? त्यानं काठी उचलली आणि ती आडवी टाकायला आता जागाच नाही, हे पाहून तिथंच उभा राहिला.

"माझी जागा कुणी खाल्ली रे?" सेंगला आली होती. फाटकाशी मुलाची गाडी उभी होती.

इन्थानं चिठ्ठी दाखवली. "माझं उद्यावर गेलं. जेवलो म्हणालो."

ती हसायला लागली, मग हसता हसता थांबली. "मुडद्या, जन्मभर हेच केलंस. आमच्या बाबांनी विचारलं होतं तुला, 'काय काम काढलंस?' तर म्हणालास, 'काही नाही, सहज आलो.' मी दाराआड उभी होते."

हे इन्थाला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. बोलायची वेळ हीच होती, आणि तोंडातून काय निघालं? "जा तू, नंबर लाव. मुलगा खोळंबलाय." म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

सेंगला मशीनपुढं गेली. फाय धावली. "मे-उई, ते नुसतं विचारायचं म्हणून विचारत नाही हं! उपाशी असाल तर लाल दाबा."

"कळतंय गं बाई. इतकी काही खुळी नाही मी."

"जेवलात का, मे-उई?" मशीन म्हणालं.

सेंगलानं फाटकाकडं पाहिलं. मग इन्थाच्या काखेतल्या टोपलीकडं पाहिलं.

"जेवले," ती ठणकावून म्हणाली. "पोटभर जेवले." आणि हिरवं दाबलं.

"अहो मे-उई!"

मुलगा आत आला. "आई, झालं का रक्त?"

"उद्या बोलावलंय. रक्ताशिवाय कागद नाहीत, आणि कागदांशिवाय कसली निघतेय मी? जा, घरी सांग."

तो पुटपुटत गाडीकडं गेला. सेंगला बाकावर बसली, इन्थाच्या शेजारी, चपलांशिवाय, नंबराशिवाय. ठेच्याचा डबा उघडून म्हणाली, "काढ टोपली. आज खायला कुणाची ना नाही."

टोपलीचं झाकण इन्थाला निघता निघेना. "सेंगला," तो टोपलीकडं बघतच म्हणाला, "जाऊ नकोस."

तिनं भाताचा गोळा केला, ठेच्यात बुडवला आणि सावकाश चावत राहिली. मग फायला हाक मारली. "पोरी, तो प्रश्न दुपारी बदलतेस ना?"

"हो, मे-उई. आजच."

"एवढी घाई नको करूस," सेंगला म्हणाली आणि दुसरा घास करून तिनं इन्थाच्या हातावर ठेवला.