एका नंबराने थोरले

मी एक जुने पेट्रोल इंजिन आहे. मित्रांनो, इंजिनाला पोट नसते असे तुम्हाला वाटत असेल. पण दुसऱ्याचे चांगले पाहून पोटात दुखण्यासाठी पोट लागतेच असे नाही, हे मी अनुभवाने सांगते. माझे सारे आयुष्य एकाच इंजिनाचा हेवा करण्यात गेले, आणि ते इंजिन म्हणजे माझे जुळे भावंड.

आम्ही दोघे एकाच कारखान्यात, एकाच सकाळी तयार झालो. माझ्या अंगावरच्या नंबराच्या शेवटी ४१७ आहे, त्याच्या ४१८. म्हणजे मी एका नंबराने थोरले. बाकी फरक शोधून सापडायचा नाही. दोघांनाही चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, तेराशे सीसीला दोन कमी एवढी क्षमता आणि पंच्याऐंशी घोड्यांची ताकद. खालचा ब्लॉक बिडाचा, त्यावर बसवलेले हेड अ‍ॅल्युमिनियमचे, तळाशी साडेतीन लिटर तेल. चाचणीसाठी आम्हाला शेजारी शेजारी चालवले, तेव्हा कान देऊन ऐकणारा फिटर म्हणाला की दोन्ही सारखीच गोड चालतात. तिथेच माझे बिनसले. थोरले मी, आणि शाबासकी मात्र निम्मी!

मला एका पडदे शिवणाऱ्या बाईंनी घेतले. त्यांना आपण थोरली म्हणू, कारण त्यांना एक धाकटी बहीण होती. ती शाळेत गणित शिकवायची. एकाच घरात थोरली खालच्या मजल्यावर आणि धाकटी वरच्या मजल्यावर राहायची. माझी गाडी येऊन आठ दिवस झाले नाहीत तोच धाकटीने तशीच गाडी आणली. रंगसुद्धा तोच. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. लहानपणापासून हिला माझ्यासारखेच सगळे लागते, असे ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. मी मात्र वेगळ्याच कारणाने जळत होते. धाकटीच्या गाडीत कोणते इंजिन असावे? बरोबर, ४१८. आता ते रोज अंगणात माझ्या शेजारी उभे राहणार होते.

धाकटीने एक मिस्त्री शोधून काढला होता. तो दोन चष्मे वापरायचा, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर. दर वर्षी तो ४१८चे तेल बदलायचा, मग गाडी फिरलेली असो वा नसो. प्लग काढून पाहायचा. टायमिंग बेल्ट तुटायची वाट न बघता वेळ झाली की बदलून टाकायचा. धाकटी शेजारी उभी राहून हे का, ते का, असे विचारत बसायची. दर रविवारी सकाळी ती स्वतः बॉनेट उघडून तेल पाहायची. माझे बॉनेट बंद. आपले ठेवावे झाकून आणि दुसऱ्याचे पाहावे वाकून म्हणतात ना, तसे मी झाकलेल्या बॉनेटखालून त्याचे लाड ऐकत राहायचे.

थोरलीला तो मिस्त्री चालण्यासारखा होता. त्याचे गॅरेज कोपऱ्यावरच होते. पण धाकटीने शोधलेल्या माणसाकडे आपण जायचे म्हणजे तिचे मोठेपण मान्य करायचे! म्हणून थोरली मला गावाच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिथल्या मेकॅनिकला सगळे झटपट म्हणायचे. कोणतेही काम तो चहा निवायच्या आत उरकायचा.

एका उन्हाळ्यात माझ्या तापमानाचा काटा थोडा वर सरकला. कारण साधे होते. पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचे एक छोटे दार असते. इंजिन थंड असताना ते मिटलेले राहते, इंजिन पुरेसे तापले की उघडते आणि पाणी रेडिएटरमध्ये गार व्हायला जाते. माझे दार अडकले होते. नवे बसवायचे सोडून झटपटने ते काढूनच टाकले. दारच नसले की गाडी कधी गरम व्हायचीच नाही, असे त्याने थोरलीला पटवून दिले.

थोरली खूश झाली. धाकटीच्या गाडीचा काटा मधोमध उभा राहायचा आणि माझा कायम तळाशी. तिने तो बहिणीला मुद्दाम दाखवला. धाकटीने कपाळावर हात मारला. इंजिनाला ठरावीक गरमी लागतेच, ते दार परत बसवून घे, असे तिने परोपरीने सांगितले. वर आतून गंज न धरू देणाऱ्या कूलंटचा डबाही आणून दिला. थोरलीने डबा जिन्याखाली ठेवला आणि मला नळाचे पाणी पाजत राहिली. मित्रांनो, लाज वाटते, पण तेव्हा मलाही आनंदच झाला होता. ४१८पेक्षा माझ्यात काहीतरी वेगळे होते ना!

तो आनंद मला भोवला. सदा थंड राहिलेल्या इंजिनात पेट्रोल पुरते जळत नाही. ते तेलात झिरपते, तेल पातळ होते, त्यात काळा गाळ साचतो. माझे प्लग काळे पडले. मी पेट्रोल जास्त पिऊ लागले. वरच्या झाकणातून तेल गळून अंगणात डाग पडू लागले. एकदा प्लगला ठिणगी देणारी इग्निशन कॉइल गेली आणि मी आठवडाभर तीनच सिलिंडरांवर उचक्या देत धावले. तिकडे नळाच्या पाण्याने माझ्या आत गंज धरला आणि रेडिएटर हळूहळू बुजत गेला. शेजारी ४१८ एका चावीत सुरू व्हायचे. त्याचा तो एकसारखा आवाज ऐकला की मला वाटायचे, याचाही कधीतरी पाणउतारा व्हावा.

अशी सोळा वर्षे गेली. मग एका शनिवारी थोरलीने नव्या रुग्णालयाचे पडदे माझ्या गाडीत भरले. दिवस मावळायच्या आत ते लावायचे होते. काम वेळेत झाले तर पुढची सगळी कामे तिलाच मिळणार होती. चढावर माझा काटा वर चढू लागला. पण आपली गाडी गरम होतच नाही, ही तिची खात्री. काटाच बिघडला असेल म्हणून ती दामटत राहिली. रेडिएटरच बुजल्यावर दार काढून टाकल्याचा काय उपयोग? माझे हेड वाकले, हेड आणि ब्लॉकमधले गॅस्केट जळाले, दोन व्हॉल्व्हांच्या मध्ये चीर गेली. पांढरा धूर सोडत मी बंद पडले.

थोरलीने झटपटला चार वेळा फोन लावला. तो उचलेना. शेवटी तिने सोळा वर्षांत जे केले नव्हते ते केले.

"छोटे, गाडी बंद पडलीये. येतेस का?"

तासाभराने धाकटी आली, पण चालत, गुडघ्यांपर्यंत भिजून.

"तुझी गाडी कुठंय?" थोरलीने विचारले.

"पुलाखाली. तिथं नळाचा मोठा पाइप फुटलाय, पाणी साठलं होतं. लांबून आले असते तर उशीर झाला असता, म्हणून घातली पाण्यात."

एरवी खड्डासुद्धा वळसा घालून टाळणाऱ्या त्या बाईने बहिणीच्या एका हाकेसरशी गाडी पाण्यात घातली होती. ४१८ने हवेबरोबर पाणी ओढले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्याचा पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकून मोडला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला.

खरे सांगू? ऐकल्याबरोबर मला क्षणभर बरे वाटले. मग माझ्या लक्षात आले की ते मलाच न्यायला निघाले होते.

पडदे चष्मेवाल्या मिस्त्रीच्या टेम्पोतून वेळेवर पोहोचले. आम्ही दोघे त्याच्या गॅरेजमध्ये शेजारी शेजारी पडलो. झटपट येऊन म्हणाला, दोन्ही भंगारात द्या. आमचे मॉडेल बंद होऊन वर्षे झाली होती, नवे हेड वा ब्लॉक कुठे मिळत नव्हते, आणि दुसरी गाडी घ्यायची ऐपत दोघी बहिणींचीही नव्हती. थोरलीचे काम गाडीवाचून अडणार होते. मिस्त्रीने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोन दिवस आम्हाला उघडून पाहिले. मग त्याने दोघींना बोलावले.

"हिचा ब्लॉक शाबूत आहे, तिचं हेड शाबूत आहे," तो म्हणाला. "दोन गाड्या नाही व्हायच्या. एक होईल."

थोरली म्हणाली की हेड धाकटीचे आहे, तिनेच ठरवावे. धाकटी म्हणाली की यात ठरवायचे काय आहे, ताईची गाडी चालू झाली पाहिजे.

मिस्त्रीने माझा गाळ खरवडला, गंज धुऊन काढला, नवा रेडिएटर लावला, नवे थर्मोस्टॅट बसवले. मग ४१८चे हेड उचलून माझ्यावर ठेवले आणि बोल्ट एकेक करून, ठरलेल्या क्रमाने आवळले. त्याचे व्हॉल्व्ह माझ्या पिस्टनांवर उघडमीट करू लागले. कित्येक वर्षांनी मी हवे तेवढेच गरम झाले. काटा मधोमध उभा राहिला. मिस्त्री म्हणाला, गोड चालतेय. ती शाबासकी नेमकी कोणाची, ते मला ठरवता आले नाही.

आम्ही निघालो तेव्हा ४१८चा भोक पडलेला ब्लॉक भिंतीशी पडला होता. धाकटीने वाकून त्याच्या अंगावरून हात फिरवला. मित्रांनो, तेव्हाही मला त्याचा हेवा वाटला. माझ्यासाठी आजवर कोणी असे वाकले नव्हते.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. हेवा वाटला तर वाटू द्या, तो काही विचारून येत नाही. पण ज्याचा वाटतो त्याच्याकडे जाऊन, तू हे कसे करतोस, एवढे विचारा. मी सोळा वर्षे शेजारी उभे राहून नुसते जळले. थोरलीही जळली. तेल जळते ते वेगळेच.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी माझे बॉनेट उघडले. थोरली आत वाकली, मग जिन्याकडे तोंड करून म्हणाली,

"छोटे, खाली ये गं. तेल कसं बघतात ते मला शिकव."

धाकटी फडके घेऊनच खाली आली. तिने तेल मोजायची पट्टी ओढून काढली, पुसली आणि ताईच्या हातात दिली.