आकारामच्या शेजारची जागा

“सही करायची न्हाय म्हंजे?” चर्चचे सेक्रेटरी अभिराम सातपुते यांनी कार्ड बाळाबाईंच्या नाकासमोर धरलं. “सगळ्या मंडळीनं केलीया. तुमचंच काय अडलंय?”

कार्ड गुळगुळीत होतं. वर सोनेरी अक्षरांत ‘संपूर्ण समर्पण’, मध्ये उगवता सूर्य, खाली सही आणि मोबाईल नंबर. समर्पण रविवारी सगळ्यांनी ते उंच धरून फोटो काढायचा होता.

बाळाबाईंचा झाडू थांबला नाही. “मी शब्द दिलाय की. दृढीकरणाला, सगळ्या मंडळीम्होरं. सोळा वर्साची हुतो तवा.”

“त्याला साठ वर्सं झाली! आता नूतनीकरण करायचं.”

“का? पैला शब्द खोटा हुता? मालकांसंगं मी एकदाच लगीन केलो. दरवर्सी बोहल्यावर चढलो न्हाय.”

बाळाबाई दवाखान्यात आया होत्या. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी चर्च झाडायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे कुणी आभारही मानत नव्हतं. मंडळीतली बाई गेली की पहिला फोन पाळकसाहेबांना आणि दुसरा, प्रेताला आंघोळ घालायला, बाळाबाईंना. पाळकसाहेब कधीकधी कागलला गेलेले असत. बाळाबाई कुठंच जात नसत.

गोड मात्र त्या नव्हत्या. प्रार्थना लांबली की मोठ्यानं खोकायच्या. सातपुत्यांच्या प्रार्थनेला तर खोकला हमखास यायचा.

“मग ऐका,” सातपुते म्हणाले. “कार्ड न्हाय तर यादीत नाव न्हाय. यादीत नाव न्हाय तर कबरस्तानातल्या जागेवर हक्क न्हाय. ठराव झालाय.”

आता झाडू थांबला.

बाळाबाईंचे मालक आकाराम बारा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या कबरीशेजारच्या रिकाम्या जागेला बाळाबाईंनी विटांची कड लावून ठेवली होती. दर ईस्टरआधी कबरीला चुना द्यायचा आणि उरलेला त्या विटांना. आयुष्यात स्वतःसाठी त्यांनी अडवलेली जमीन एवढीच.

“ठराव कुणी केला? देवानं?”

“कमिटीनं.”

“मग देवाला तेवढं कळवा,” म्हणत त्यांनी केर सातपुत्यांच्या बुटांवरून पुढे ढकलला.

समर्पण रविवारी सगळे उभे राहिले, कार्डं वर गेली. बाळाबाई बसून राहिल्या. फोटो ग्रुपवर टाकताना त्यांना कापावं लागलं. कडेलाच बसल्या होत्या, सोपं गेलं. यादीतून कापणं त्याहून सोपं गेलं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी, सातपुत्यांची आई विमलाआक्का वारल्या. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. महिला मंडळ आलं, बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर बसून गाणी म्हणू लागलं. आतल्या खोलीला वास होता, म्हणून आत कुणी गेलं नाही. शेवटी सातपुत्यांनीच फोन लावला.

“येतासा काय?”

“ठेवा फोन. पाणी तापवा.”

आल्याबरोबर त्यांनी दार लावून घेतलं. उचलायला तेवढं सातपुत्यांना आत ठेवलं. “नीट धरा. आई हाय तुमची, फाईल न्हाय.” साबण लावला, केस विंचरले, हनुवटीला पट्टी बांधली. पाठ पुसताना मात्र त्यांचा हात जखमांपाशी अडला.

“हिला कुशीवर कितींदा वळवत हुतासा?”

सातपुत्यांनी टॉवेल पुढे केला.

पांढरं लुगडं नेसवून झाल्यावर सातपुत्यांनी खिशातून कार्ड काढलं. “बाळाबाई, अजून ठेवलंय मी. आजच सही केलीसा तर बरं हुईल. आजच.”

“हात वले हायती,” बाळाबाई म्हणाल्या आणि बादली उचलून मोरीत गेल्या.

‘आजच’ का, ते चार वाजता कळलं. कबरस्तानात आकारामच्या शेजारी खड्डा तयार होता. चुना दिलेल्या विटा कुंपणाच्या भिंतीशी फेकलेल्या होत्या.

“यादीपरमानं मोकळीच हुती,” कमिटीतलं कुणीतरी पुटपुटलं. सातपुते गीतपुस्तकात ओळ शोधत होते. ते गीत त्यांना पाठ होतं.

उकरलेली माती आकारामच्या कबरीवर घसरली होती, ती बाळाबाईंनी पदरानं झाडली. पाळकसाहेबांनी ‘मातीला माती’ म्हटलं, लोक मूठमूठ माती टाकू लागले. बाळाबाईंची पाळी आली तसे सगळे जरा मागे सरकले. त्या खड्ड्यावर वाकल्या.

“विमलाआक्का, मालकांची झोप हलकी हाय. रातभर बडबड करू नका.”

आणि मूठ सोडली.

खड्डा भरला. लोक गाड्यांकडे वळले. बाळाबाई भिंतीकडे गेल्या आणि दोन दोन विटा आणून नव्या कबरीभोवती लावू लागल्या, चुन्याची बाजू वर करून. सातपुते मागेच थांबले होते. मग वाकून त्यांनीही एक वीट उचलली.

“ठेवा ती,” बाळाबाई म्हणाल्या. “तुमची रांग वाकडी येती.”